आईची उलटतपासणी

माझा नवरा रोमन दुदेक ह्यानं उभ्या नोकरीत एकही चोर पकडला नाही. पोर्ट हॅडलीच्या पोलिसांत तो निवृत्त होईपर्यंत होता, गणवेशाची इस्त्री एकदाच काय ती मोडली, बुटाची चकाकी कधी गेली नाही, पण चोर म्हणाल तर नाव नको. त्याचं काम वेगळं होतं. चोर पकडायचे इतरांनी, आणि ते पकडताना इतरांनी जे घोळ घालून ठेवायचे त्यातून त्यांना सोडवायचं रोमननं. तो पोलिसांच्या युनियनचा प्रतिनिधी होता, आणि ह्या कामात त्याचा हात धरणारा अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या ह्या काठावर दुसरा कोणी नव्हता. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर बरंच वेगळं सांगता येईल, आणि तेही मी सांगणारच आहे.

फ्रोन्चाकचंच घ्या. हा गडी गस्तीची गाडी होड्या उतरवायच्या उतारावर उभी करून ताजे मासे घ्यायला गेला आणि हातब्रेक लावायचा विसरला. तो मासे घेऊन परत येईस्तोवर गाडी माशांकडं निघून गेली होती. दिवे चालूच होते, त्यामुळे पाण्याखालून लाल-निळा उजेड येत होता आणि काठावर जत्रा जमली होती. चीफ मॅकअर्डल म्हणाले, बडतर्फ. रोमन म्हणाला, इथं गाडी उभी करू नये अशी पाटी दाखवा. पाटी होती, पण बर्फात गळ्यापर्यंत गाडलेली. फ्रोन्चाक काही दिवस बिनपगारी घरी बसला आणि मग नव्या कोऱ्या गाडीतून ऐटीत गस्तीला निघाला.

दुसऱ्या एकानं नाताळात कुणाच्या तरी अंगणातल्या हवा भरलेल्या स्नोमॅनवर गोळी झाडली. थांब म्हटलं तरी थांबला नाही, वाऱ्यानं पुढं पुढं येत होता, असं त्याचं म्हणणं. तोही वाचला. पण रोमनचा मुकुटमणी म्हणजे वाखोवियाक. वाखोवियाकनं रिपोर्टात लिहिलं की मी अमुक वेळी गोदीवर संशयिताचा पाठलाग करत होतो. नेमक्या त्याच वेळी बोलिंगच्या हॉलमध्ये त्याचं नाव भिंतीवर लागलं, तारीख-वेळेसकट, त्या मोसमातला सर्वात मोठा स्कोअर म्हणून. उघडउघड खोटा रिपोर्ट. ह्यात देवसुद्धा काही करू शकत नाही असं सगळे म्हणाले. रोमननं ते दहा दिवसांच्या निलंबनावर आणलं आणि बोलिंगचा चषक वाखोवियाककडंच राहिला.

दर शुक्रवारी युनियनच्या हॉलमध्ये मी मासे तळायची. नवीन भरती झालेलं पोरगं आलं की त्याच्यापुढं पर्च माशाचं ताट ठेवायचं आणि रोमननं शेजारी बसून त्याला दोन धडे द्यायचे, हा रिवाज. पहिला धडा: रिपोर्ट कसलाही असो, त्यात 'जिवाला धोका वाटला' हे वाक्य विसरायचं नाही. दुसरा: भानगड झाली की तोंड बंद, पगार चालू. माफी मागायची नाही, वाईट वाटलं म्हणायचं नाही, म्हातारीला रस्ता ओलांडून दिला असेल तरी युनियनला विचारल्याशिवाय कबूल करायचं नाही. पोरं मान डोलवायची आणि आणखी मासे मागायची.

तक्रार करणारा माणूस समोर आला की रोमनचे तीन प्रश्न ठरलेले असत. चष्मा किती नंबरचा, त्या दिवशी काय प्यायला होता, आणि वय काय. एवढ्यावर तो भलाभला साक्षीदार लोळवायचा. रेल्वेच्या रुळांपलीकडं राहणारी गेन्सबाई म्हणून शाळेतली एक स्वयंपाकीण होती. तिच्या मुलाला एका पोलिसानं गाडीच्या टपावर आपटलं अशी तिची तक्रार होती. रोमननं तिला चष्म्यावरून असं काही फिरवलं की बाई स्वतःच्या मुलाला तरी ओळखते की नाही, अशी शंका यावी. शुक्रवारी त्यानं हॉलमध्ये ते नकलेसकट करून दाखवलं तेव्हा लोक टेबलं बडवत होते. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचा तो कार्टा, आणि त्या हॉलमध्ये तर काय, सगळेच बाळ्या.

त्या दिवशी माझी सासूही हसली होती. स्टेफानिया दुदेक हे तिचं नाव, पण सबंध गाव तिला बुशा म्हणायचं, म्हणजे आजी. ठेंगणी, लाल कोट, जीभ विळीसारखी. हॉलची पिएरोगी तीच करायची. तिच्या हातच्या त्या बटाटा भरलेल्या, उकडलेल्या करंज्या खायला पाद्रीबाबा प्रवचन आटोपतं घ्यायचे. रोमनचा तिला केवढा अभिमान. माझा रोमेक वकील झाला नाही म्हणून इतर वकिलांची पोटं भरतायत, असं ती चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला ऐकवायची.

आता डिंगसचा सोमवार. ईस्टरचा रविवार देवाचा आणि सोमवार आमचा, म्हणजे पोलंडहून इथं आलेल्या घरांचा. पोरांनी पोरींना पाण्यानं भिजवायचं, पोरींनी विलोच्या मऊ कळ्यांच्या डहाळ्यांनी पोरांच्या पोटऱ्या शेकायच्या, सगळ्यांनी मधाची दारू प्यायची आणि पोल्का नाचत रस्त्यानं फिरायचं. त्यात कुणाला किती लागलं, किती भिजलं, ह्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पोलिसांना तर मुद्दाम भिजवतात. गणवेशातला माणूस थबथबलेला बघण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही.

त्या वर्षी मिरवणुकीच्या कोपऱ्यावर कोल्बी ट्रुइट नावाचं नवं पोरगं उभं होतं. ॲरिझोनाकडचं, वाळवंटातलं, भरती होऊन दोन-तीन महिने झालेलं. त्याला डिंगसबद्दल कोणी काही सांगितलं नाही. चीफनं नाही, सार्जंटनं नाही, रोमननंही नाही. डिंगस म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागतं, हेच आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बिचारा सकाळपासून बादल्या झेलत होता आणि दर बादलीला त्याचा हात पिस्तुलाच्या पट्ट्याकडं जात होता. लोकांना वाटलं, काय छान नाटक करतंय पोरगं. त्यामुळे त्यांनी आणखी बादल्या आणल्या.

अशात मागून बुशा आली. हातात डहाळ्या, त्याच सकाळी रोमननं ओढ्याकाठून तिच्यासाठी तोडून आणलेल्या. देखण्या पोराला डिंगसच्या दिवशी कोणी मारलं नाही तर त्याचं वर्ष फुकट जातं, असं तिचं मत, शिवाय माझी भाची लग्नाची होती तेही तिच्या मनात होतं. तिनं ट्रुइटच्या पोटऱ्यांवर दोन सपके दिले आणि हसली. तो गर्रकन वळला, त्यानं तिचा हात पिरगाळला, तिला ओल्या रस्त्यावर पालथी पाडली आणि बेड्या घातल्या. पोल्का थांबला. भिजलेली माणसं बादल्या हातात धरून नुसती उभी राहिली.

रोमन मिरवणुकीत पुढं युनियनच्या गाड्यावर अकॉर्डियन वाजवत होता. मागं काय झालं त्याला माहीत नव्हतं. वायरलेसवर एवढंच आलं की सदस्य अडचणीत आहे, ठाण्यावर या. असा निरोप आला की रोमन जेवणाच्या ताटावरून, लग्नाच्या मांडवातून, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतून उठून गेलेला आहे. तो गाड्यावरून उडी मारून तसाच पळाला, अकॉर्डियन गळ्यात. पावलागणिक ते भॉक भॉक वाजत होतं. पुढचं सगळं मला ठाण्यात ड्यूटीवर असलेल्या सार्जंटनं सांगितलं, आणि सार्जंट बुशाचा धर्मपुत्र असल्यामुळे तो त्यात तिखटमीठ लावणार नाही. फार लावणार नाही.

रोमन खोलीत शिरला तेव्हा ट्रुइट रिपोर्ट लिहायला बसला होता आणि कागदावर पाणी गळत होतं.

"तोंड बंद," रोमन दारातूनच म्हणाला. "आता सांग. कोण होतं?"

"वेडी म्हातारी आहे कोणीतरी, सर. मागून येऊन मारलं मला. झाडाची फांदीबिंदी होती."

"फांदी लिहू नको. काठी लिही. जिवाला धोका वाटला?"

"धोका नाही, सर. चीड आली."

"धोका वाटला," रोमन म्हणाला. "आज्ञा देऊनही काठी टाकली नाही. अटकेला विरोध केला. कर सही."

ट्रुइटनं सही केली. नुकताच पाळीवर आलेल्या सार्जंटनं कोठडीत कोण आहे हे न बघताच शिक्का मारला. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या कोठडीतून आवाज आला, की टॉवेल मागून युगं लोटली, इथं माणसं काम करतात की अंडी उबवतात. आणि माझ्या रोमेकला बोलवा, तो युनियनमध्ये मोठा माणूस आहे, तो त्या गाढवाला सरळ करील.

सार्जंट म्हणतो की त्या क्षणी रोमनच्या गळ्यातलं अकॉर्डियन आपणहून एक लांबलचक सूर काढून मिटलं. ते खोटं असेल. पण रोमन खुर्चीवर बसला हे खरं, आणि शिक्का बसलेला रिपोर्ट परत घेता येत नाही हेही खरं, कारण ते कलम करारात त्यानंच घालून घेतलं होतं.

बुशावरचा आरोप संध्याकाळच्या आत रद्द झाला. सरकारी वकिलाची आई चर्चमध्ये बुशाच्या शेजारच्या बाकावर बसायची. पण मनगटाचं हाड चिरलं होतं, प्लास्टर घालावं लागलं, आणि गावाची पिएरोगी बंद झाली. मग मात्र गाव पेटलं. पोलिसांनी एखाद्याचे दात पाडले तर पोर्ट हॅडलीत लोक म्हणायचे, त्यानंच काही केलं असेल. पण शुक्रवारी पिएरोगी नाहीत म्हटल्यावर नगरपालिकेवर मोर्चा गेला. चीफ मॅकअर्डलनी हवा ओळखली आणि ट्रुइटला बडतर्फ केलं. ट्रुइटनं करारातल्या हक्कानुसार आपला प्रतिनिधी निवडला. त्यानं रोमनचं नाव लिहिलं. दुसरं कुणाचं लिहिणार?

आमच्या स्वयंपाकघरात त्या आठवड्यात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन्ही बाजूंना बोलायला मिळतं. मी बोलले. मी रोमनला म्हटलं की राज्याच्या युनियनचा वकील येऊ दे, तू ह्यात पडू नको, लोक शेण घालतील तोंडात. तो एवढंच म्हणाला, आज माझी आई म्हणून सोडलं तर उद्या प्रत्येक पोलीस विचारील की आणखी कुणाकुणाच्या आईसाठी मला सोडशील. ह्यावर मी त्याच्या गणवेशाची इस्त्री बंद केली.

बुशा प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला त्या पोराची नोकरी नको. मी काय करू तिचं, लोणचं घालू? त्यानं शुक्रवारी हॉलमध्ये सगळ्यांपुढं उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं, की बुशानं काठी मारली नाही, मी खोटं लिहिलं. मग मी स्वतः त्याला वाढीन."

रोमननं तिला समजावलं की हेच तर तो म्हणू शकत नाही. पोलिसानं एकदा खोटं लिहिलं असं कबूल केलं की त्याची साक्ष कोर्टात चालत नाही, आणि साक्ष चालत नाही तो पोलीस कुणाला नको असतो. एक वाक्य बोलला की पोरगं कायमचं घरी. काठी लिहायला त्याला कुणी सांगितलं, हे मात्र रोमन बोलला नाही. मला सार्जंटकडून तोवर कळलं होतं. बुशाला कळलं होतं की नाही ते मी तेव्हा ओळखू शकले नाही.

"मग घे केस," बुशा म्हणाली. "तुझा माणूस हरलेला मला खपायचा नाही. पण मला विचारलंस तर मी खरं तेच सांगणार."

बडतर्फीचा निवाडा करणारा लवाद निवडायची पद्धत अशी की सात नावं येतात आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं एकेक नाव खोडायचं. उरेल तो न्याय करणार. रोमन ह्या खेळातला उस्ताद होता. कोणता लवाद बायकांच्या रडण्यानं विरघळतो, कोणाला पोलिसांनी दंड केलाय, कोणाला जुने निकाल वाचायला आवडतात, सगळं त्याला पाठ. शेवटी उरला विन्स्लो नावाचा वाळका म्हातारा. मागं जे झालं तेच पुढं व्हायला हवं, हा त्याचा धर्म. रोमन त्या संध्याकाळी आंघोळ करताना गात होता.

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. खोली पंचवीस माणसांची, आलं अर्धं गाव. एका बाजूला चीफचा वकील, दुसऱ्या बाजूला रोमन आणि ट्रुइट, मध्ये विन्स्लो आणि त्याच्या कोपराशी छोट्याशा यंत्रावर शब्द न शब्द टिपून घेणारी एक गोरीपान, गंभीर बाई. रोमनचा गणवेश चुरगळलेला होता. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आधी गावकऱ्यांच्या साक्षी झाल्या आणि रोमननं त्या शेंगा सोलाव्यात तशा सोलल्या. डोळ्यांत पाणी उडालेलं असताना तुम्हाला दिसलं कसं? प्यायला होता? पाद्रीबाबा, तुम्हीसुद्धा? लोक हसत होते, विन्स्लोच्या मिशा हलत होत्या, पाद्रीबाबाही शेवटी हसू लागले. मग बुशा खुर्चीत बसली.

"श्रीमती दुदेक," रोमननं सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा त्यानं आईला अहोजाहो केलं. "आपल्याला चष्मा आहे का?"

"परवाच तू दांडी बसवून आणलास."

विन्स्लो म्हणाला, बाई, फक्त उत्तर द्या. बुशा म्हणाली, दिलं की. खोली हसली. त्या दिवशी मधाची दारू किती घेतली होती, असं रोमननं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ओतत तू होतास, तुलाच ठाऊक. वय विचारलं तेव्हा म्हणाली, तुझ्या वयात वीस मिळव, आणि माझं मोजताना तुझं वजन मोजू नको. माणसं बाकावरून घसरायला आली. टिपून घेणाऱ्या बाईलासुद्धा रुमाल तोंडावर धरावा लागला. मी हसत होते. रोमनच्या मानेवर घामाची धार होती आणि तोही हसत होता, कारण साक्षीदारावर खोली हसली की निम्मी केस जिंकली हे त्याला माहीत होतं.

बुशानं हसू ओसरू दिलं. मग ती हळूच म्हणाली, "त्या गेन्सबाईला असंच विचारलं होतंस ना रे? तेव्हा मी हसले होते."

रोमननं कागद उलटले. मग त्यानं विचारलं की आपल्या हातात होतं ते कशाचं होतं. लाकडाचं, ती म्हणाली. लांब होतं? हो. हाताएवढं? हाताहून लांब. बोटाएवढं जाड? बुंध्याशी असेल.

"लाकडाच्या अशा लांब तुकड्याला काय म्हणतात, श्रीमती दुदेक?"

बुशानं चष्मा सारखा केला. खरं सांगायचं तिनं कबूल केलं होतं.

"काठी म्हणत असतील," ती म्हणाली.

चीफच्या वकिलाला फार उशिरा जाग आली. त्यानं उठून विचारलं की बाई, तुम्हाला ह्या डहाळ्या कोणी आणून दिल्या.  बुशानं एक नाव घेतलं असतं तर रोमन प्रतिनिधीच्या खुर्चीतून उठून साक्षीदाराच्या खुर्चीत बसला असता आणि केस तिथंच फिरली असती. त्यानंच त्या आणून दिल्या होत्या आणि त्या डहाळ्या होत्या, काठी नव्हे, हे त्याला पक्कं माहीत होतं. बुशा म्हणाली, ओढ्याकाठी उगवतात, कुणीही तोडावं. आणि दुखरा हात सावरत उठली.

शेवटी रोमननं भाषण केलं. फ्रोन्चाकची गाडी आली, स्नोमॅन आला, आणि मग वाजतगाजत वाखोवियाक आला. ज्या खात्यात बोलिंग खेळताना पाठलाग केल्याचं लिहिणाऱ्याला दहा दिवस, त्या खात्यात खरोखर लाकडाच्या तुकड्यानं मार खाल्लेल्या पोराची नोकरी कशी घेता? वाखोवियाकच्या रिपोर्टात तर संशयितही नव्हता. इथं निदान बुशा आहे. विन्स्लो इतक्या जोरानं मान हलवत होता की चष्मा नाकावरून घसरला. त्यानं ट्रुइटला विचारलं, तुला काही बोलायचंय का. पोरगं अर्धं उठलं. मी शपथेवर सांगते, ते बुशाकडं बघत होतं आणि त्याचे ओठ हलले होते. रोमननं त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि ते खाली बसलं.

निकाल आला. बडतर्फी रद्द, दहा दिवसांचं निलंबन, बाकीचा पगार मागील तारखेपासून. बुशानं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. त्यात विन्स्लोनं लिहिलं होतं की वस्तू काठी असल्याचं तक्रारदारानंच मान्य केलं आहे, आणि तक्रारदार वयोवृद्ध असून तिच्या सांगण्यावर विसंबून राहता येत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं परत वाचायला सांगितलं. मग म्हणाली, पुरे.

त्या शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अरे, काय ती मजा. फ्रोन्चाकनं ट्रुइटला खांद्यावर घेतलं, वाखोवियाकनं चषकातून बीअर वाटली, आणि ज्या गावानं मोर्चा काढला होता तेच गाव पोल्का नाचत होतं, कारण रोमन जिंकला की फुकट बीअर असते. मी एका हातानं मासे तळत होते आणि एका पायानं ताल धरत होते. बुशाही आली. प्लास्टर निघालं होतं. ती तिच्या नेहमीच्या टेबलाशी बसली, लाल कोट न काढता, आणि येणारे जाणारे तिला म्हणत होते, काय बुशा, काठी कुठंय? ती हसून मान हलवत होती. ती वाट बघतेय हे मला दिसत होतं. ती कशाची वाट बघतेय हे रोमनलाही दिसत होतं.

त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. त्यानं ट्रुइटला माझ्या कढईपाशी ओढून आणलं आणि त्याच्या कानाशी बोलू लागला. एका चुकीला दोनदा शिक्षा करता येत नाही, हे कलमही करारात आहे, मीच घातलंय. निकाल लागला, फाइल बंद झाली, आता तू छपरावर चढून ओरडलास तरी चीफ तुझं काही वाकडं करू शकत नाही, आणि कोर्टात कुणी विचारलंच तर मी बसलोय. जा तिकडं. म्हण, काठी नव्हती, मी खोटं लिहिलं. एवढंच म्हण. ती तुला वाढील. मी कधी रोमनला कुणाची इतकी विनवणी करताना पाहिलं नव्हतं.

ट्रुइटच्या तोंडात मासा होता. त्यानं तो नीट चावून गिळला. पोरगं उर्मट नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याचा चेहरा अगदी सरळ होता.

"पण सर, खोटं कुठंय त्यात?" तो म्हणाला. "काठीच होती. तुम्ही सिद्ध केलंत ना."

कुणीतरी त्याला नाचायला ओढून नेलं. रोमन तिथंच उभा राहिला. तेलाचे शिंतोडे त्याच्या बाहीवर उडत होते तरी तो हलेना. मला त्याचा राग आला होता, महिनाभर साठवलेला, आणि तो तिथं त्या कढईपाशी माझ्या हातून निसटला. नुसतं रडू आलं. मग तो चालू लागला आणि मी माशांची परात घेऊन त्याच्या मागं गेले.

बुशाच्या टेबलाशी जाऊन तो म्हणाला, "आई, काठी नव्हती. त्याला ती मी लिहायला लावली. जिवाला धोकासुद्धा मीच लिहायला लावला. तुला तिथं खुर्चीत बसवून मी खोटं पाडलं."

 तिनं कोट आवरून घेतला, बाकावर सरकून त्याला जागा केली, तो बसला. तिनं माझ्याकडं त्याच्यासाठी ताट मागितलं, त्यात दोन मोठे तुकडे वाढायला लावले, वर स्वतःच्या हातानं लिंबू पिळलं. रोमननं डोळे पुसले आणि तो खायला लागला. मला वाटलं, झालं, मिटलं.

बुशानं बोटं रुमालाला पुसली.

"हे तिथं म्हणायचं होतंस, रोमेक," ती म्हणाली. "ती बाई टिपून घेत होती तेव्हा."